टेंभुर्णीचा काळा गाभा आणि पूलची जुनी काठी

झरी जामणी तालुक्यात उन्हाळा तापू लागला की माणसं भल्या पहाटे तेंदूपत्ता तोडायला रानात शिरतात. यवतमाळ जिल्ह्याच्या या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे, सागाच्या जोडीनं टेंभुर्णी सगळीकडे दिसते. तिची कोवळी पानं विडीला जातात, पिकलेली टेंभरं पोरं खातात, आणि पान चांगलं फुटावं म्हणून झुडपांची छाटणी होते. त्यामुळे टेंभुर्णीचं मोठं झाड पाहायला मिळणं तसं दुर्मीळच. जे झाड कोयत्यातून आणि वणव्यातून वाचून म्हातारं होतं, त्याच्या खोडात मात्र काळाभोर, जड आणि टणक गाभा तयार होतो. वनस्पतिशास्त्रात या झाडाचं नाव डायोस्पायरॉस मेलॅनॉक्सिलॉन. लाकडाच्या व्यापारात हा गाभा कोरोमंडल एबनी म्हणून ओळखला जातो.

बिलियर्ड्स किंवा स्नूकरच्या क्यूची, म्हणजे चेंडू मारायच्या लांब काठीची, मूठ ज्यानं जवळून पाहिली आहे, त्याला हा काळा रंग परका नाही. एबनी हे एकाच झाडाचं लाकूड नसतं. टेंभुर्णीच्या गोतावळ्यातली झाडं भारत, श्रीलंका, इंडोनेशिया आणि आफ्रिकेत वाढतात, त्यांतल्या काहींचा काळा गाभा या नावानं विकला जातो, आणि इंग्लिश पद्धतीच्या क्यूच्या मुठीला पिढ्यान्‌पिढ्या तोच वापरला गेला आहे. ज्या झाडाचं पान विडीत जळतं, त्याच कुळातलं लाकूड क्लबांच्या हिरव्या टेबलांवर शंभर-शंभर वर्षं टिकून राहतं.

या जुन्या लाकडाला आता नवा भाव आला आहे. क्लबच्या रॅकमध्ये पडून राहिलेली जुनी अखंड क्यू घ्यायची, ती मधोमध कापायची, लेथवर नव्यानं कातायची आणि तिच्यातून एका खेळाडूच्या हाताला बसेल अशी दोन तुकड्यांची क्यू घडवायची, या कामाला अमेरिकेत ‘कन्व्हर्जन’ म्हणतात. ऐकायला हे जुन्या साडीची गोधडी शिवण्याइतकं सोपं वाटतं. प्रत्यक्षात कापण्याच्या कामाला पाच मिनिटं लागतात आणि बाकीच्या कामाला कित्येक महिने.

कापायचीच कशाला, हा प्रश्न साहजिक आहे. पूल या बिलियर्ड्सच्याच जातीच्या खेळातल्या क्यूची नेहमीची लांबी 57 ते 58 इंच, म्हणजे जवळजवळ पाच फूट. एवढी अखंड काठी एसटीत, लोकलमध्ये किंवा स्कूटरवर सांभाळून नेणं ही शिक्षाच. म्हणून एकेकाळी खेळाडू क्लबच्या रॅकमधली क्यू वापरत, फार तर स्वतःची क्यू क्लबमध्येच कुलूपबंद ठेवत. दोन तुकड्यांची क्यू पेटीत घालून गावोगाव नेता येते. पण सोय एवढं एकच कारण असतं तर नवी क्यू विकत घेऊन भागलं असतं. जुन्याच क्यूचा हट्ट धरला जातो तो तिच्या लाकडासाठी आणि त्या लाकडातल्या जोडासाठी.

अमेरिकेतल्या ब्रन्सविक कंपनीची ‘टायटलिस्ट’ हे याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण. जॉन मोझेस ब्रन्सविक यांनी 1845 मध्ये सिनसिनाटीत सुरू केलेली ही कंपनी पुढे बिलियर्ड्सच्या सामानातली अमेरिकेतली सर्वांत मोठी कंपनी झाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या पूल हॉलमध्ये टायटलिस्ट सर्रास दिसे. ती होती रोजच्या वापराची, अखंड, हॉलच्या मालकीची काठी. कोणीही घ्यावी, खेळावं, परत रॅकला लावावी. पण तिचं मेपल लाकूड सरळ रेषांचं होतं, आणि मुठीचं गडद लाकूड समोरच्या फिकट मेपलमध्ये चार लांब टोकांनी घुसवलेलं होतं.

जॉर्ज बालाबुष्का यांचं नाव या काठीशी कायमचं जोडलं गेलं आहे. 1912 मध्ये रशियात जन्मलेले बालाबुष्का 1924 मध्ये अमेरिकेत आले आणि न्यूयॉर्कमध्ये लाकूडकामात रमले. 1959 मध्ये त्यांनी क्यू बनवायला सुरुवात केली, ती आधी मित्रमंडळींसाठी. टायटलिस्टच्या अखंड काठ्या घ्यायच्या, त्या कापायच्या, स्टीलचा सांधा बसवायचा, मुठीला आयरिश लिननचा दोरा गुंडाळायचा, आणि समोरच्या भागासाठी उत्तम मेपल निवडायचं, ही त्यांची रीत. पुढे गस झाम्बोटी आणि बर्टन स्पेन या कारागिरांनी जोडलेली लाकडं ते घेऊ लागले. 1975 मध्ये त्यांचं निधन झालं. आज त्यांच्या हातच्या क्यू संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात. 1986 सालच्या ‘द कलर ऑफ मनी’ या चित्रपटात पॉल न्यूमन टॉम क्रूझच्या हाती जी ‘बालाबुष्का’ ठेवतो, ती मात्र खरी नव्हती. चित्रीकरणासाठी जॉस कंपनीची, तशीच दिसणारी क्यू वापरली होती.

बालाबुष्कांच्याही आधी शिकागोत हर्मन रँबो हेच काम करत होते. त्यांची उमेदीची वर्षं ब्रन्सविकमध्येच गेली होती, आणि विली मोस्कोनी यांच्यासारखे विश्वविजेते त्यांच्या क्यूनं खेळत. म्हणजे अमेरिकेतल्या महागड्या कस्टम क्यूचा उगम शोधत गेलं की वाट हॉलच्या रॅकमधल्या साध्या काठीपाशी येऊन थांबते.

या काठीत जपण्यासारखं काय असतं, ते जोडात दिसतं. मुठीचं लाकूड जड आणि टणक हवं, कारण वजन हाताशी राहिलं पाहिजे. समोरचं लाकूड हलकं, सरळ आणि लवचीक हवं. ही दोन्ही लाकडं नुसती टोकाला टोक लावून चिकटवली तर चार फटक्यांत सुटतील. म्हणून दोन्हींच्या टोकांना लांब, निमुळत्या व्ही आकाराच्या खाचा पाडतात आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तशी ती लाकडं एकमेकांत बसवतात. याला फुल स्प्लाइस म्हणतात. बाहेरून चार टोकदार भाले वर चढल्यासारखे दिसतात आणि आत इंचन्‌इंच लाकूड लाकडाला चिकटलेलं असतं. मध्ये ना खिळा, ना स्क्रू. असा जोड अचूक पाडणं आजही थोड्याच कारागिरांना जमतं. जुनी काठी घेतली की हे अवघड काम झालेलं मिळतं. शिवाय ते लाकूड कित्येक दशकं हवा खाऊन शांत झालेलं असतं. त्यात जेवढा बाक यायचा तेवढा येऊन गेलेला असतो.

महाराष्ट्रात मात्र टायटलिस्ट सहजी सापडणार नाही. इथला वारसा इंग्लिश बिलियर्ड्सचा आणि स्नूकरचा. स्नूकरचा जन्मच 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत झाला, असं मानलं जातं. नेव्हिल चेंबरलेन या तरुण अधिकाऱ्यानं तो तिथे सुरू केला. ते जबलपूर ज्या मध्य प्रांतात होतं, त्यालाच 1903 मध्ये वऱ्हाड जोडला गेला आणि यवतमाळही त्याच कारभारात आलं. पुण्यात 2 मे 1922 रोजी जन्मलेले विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये कलकत्त्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली. कोणत्याही खेळातले भारताचे ते पहिले वैयक्तिक विश्वविजेते. 1964 मध्ये न्यूझीलंडमधल्या पुकेकोहे इथे त्यांनी हा पराक्रम पुन्हा केला. मुंबईचे मायकेल फरेरा यांनी 1977, 1981 आणि 1983 मध्ये विश्वविजेतेपद मिळवलं, आणि 1978 च्या राष्ट्रीय स्पर्धेत 1,149 गुणांचा ब्रेक, म्हणजे एकाच खेळीत सलग तेवढे गुण, करून हौशी खेळात हजाराची भिंत ओलांडली.

या मोठ्या परंपरेमुळे मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत आणि नागपूरच्या इंग्रज अमदानीतल्या क्लबांत जी जुनी क्यू हाती लागते, ती बहुधा इंग्लिश घाटाची असते. पुढे ॲश, मागे एबनी किंवा शिसव. ॲशच्या उघड्या रेषा टोकाकडे पाहिलं की बाणाच्या आकारात एकामागोमाग एक उमटलेल्या दिसतात. युरोपात कुऱ्हाडीच्या आणि फावड्याच्या दांड्यांना हेच लाकूड वापरतात, कारण ते धक्का पचवतं. विदर्भातला शेतकरी त्याच गुणासाठी धावडा आणि तिवस निवडतो.

इंग्लिश क्यूचं टोक साडेनऊ-दहा मिलिमीटरचं असतं, पूलच्या क्यूचं बारा-तेरा मिलिमीटरचं. स्नूकरचा चेंडू 52.5 मिलिमीटरचा, तर पूलचा सव्वादोन इंचांचा, म्हणजे 57 मिलिमीटरहून थोडा मोठा आणि वजनदार. बारीक टोकानं पूलचा जड चेंडू जोरात मारत राहिलं तर ॲश थरथरते. त्यामुळे आपल्याकडच्या जुन्या क्यूमधून पूलची क्यू करायची तर मूठ आणि जोड जुना ठेवायचा आणि पुढचा भाग मेपलचा नवा करायचा, हा मार्ग शहाणपणाचा. क्यू स्नूकरसाठीच ठेवायची असेल तर ती मध्ये न कापता मुठीपासून सोळा-सतरा इंचांवर कापतात आणि तिथे पितळी सांधा बसवतात. त्यामुळे पुढचा लांब भाग अखंड राहतो आणि फटक्याची जाणीव फारशी बदलत नाही.

कापायच्या आधीची तपासणी हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. क्यू टेबलावर ठेवून हलक्या हातानं लोळवायची. टोक उड्या मारू लागलं तर पुढच्या भागात बाक आहे. तो भाग बदलायचाच असेल तर काही बिघडत नाही. पण मूठ डुगडुगली तर पुढे जाऊ नये. मग एक डोळा मिटून, बंदुकीची नळी पाहावी तसं मुठीकडून टोकाकडे पाहायचं. जोडाच्या टोकांवरून नख फिरवायचं. नख कुठे अडकलं तर सरस सुटलेला असण्याचा संभव आहे. जुन्या लाकूडकामात कातड्या-हाडांपासून केलेला सरस वापरत, आणि तो ओलाव्यात व उष्णतेत हळूहळू दम सोडतो. शेवटी क्यू अलगद धरून मुठीचं टोक लाकडी फळीवर आपटायचं. आवाज एकसंध यायला हवा. आत काही खुळखुळलं किंवा झणझणलं तर एक तर जोड सैल आहे किंवा पोटातलं वजन.

हे पोटातलं वजन अनेकांना गोत्यात आणतं. जुन्या काठ्यांच्या मुठीत भार वाढवायला शिसं भरलेलं असे, बुडाला रबर किंवा धातूचा तुकडा खिळ्यानं ठोकलेला असे. लेथवर फिरत्या लाकडात कातणीचं हत्यार अशा खिळ्याला लागलं तर हत्यार मोडतं आणि तुकडा तोंडावर येतो. म्हणून आधी चुंबक फिरवून, बूड उघडून, आत काय आहे ते काढून घ्यायचं. शिसं घासताना उडणारी धूळ विषारी असते. ते काम तोंडाला मास्क लावून आणि ओल्या फडक्यानं पुसत करावं लागतं.

मग लेथ. महाराष्ट्रात पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय आणि लाटणी कातणारे कातारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या कामात आणि या कामात फरक आहे तो मापाचा. लाटणं अर्ध्या मिलिमीटरनं जाड झालं तर पोळीला कळत नाही. क्यूच्या सांध्याचा व्यास साधारण 21 मिलिमीटर असतो, आणि तिथे दोन भागांत केसाएवढा फरक पडला तरी बोटाला लागतो. म्हणून बरेच कारागीर लोखंडकामाचा अचूक लेथ वापरतात. लाकूड दोन केंद्रांच्या मध्ये पकडायचं आणि एका फेरीत मिलिमीटरचा दहावा-विसावा भाग एवढंच काढायचं.

खरी कसोटी इथे लागते. हॉलची काठी मुळात जाड असते. ती बारीक करताना चार टोकं जागची हलतात. व्ही आकाराची खाच मुठीकडे खोल आणि पुढे उथळ होत गेलेली असते. वरचा थर काढला की उथळ टोक नाहीसं होतं आणि भाल्याचं टोक खाली, मुठीकडे सरकतं. चारही बाजूंनी सारखं काढलं तर चारही टोकं सारखी खाली येतात. पण केंद्र थोडं जरी चुकलं तर एका बाजूचं लाकूड जास्त जातं आणि चार टोकांपैकी एक बुटकं होतं. क्यूच्या कारागिरीची पारख करणारा माणूस हातात क्यू घेतली की आधी ही टोकं एका रेषेत आहेत का ते पाहतो. त्यातही गंमत अशी की मूळ कारखान्यात घाईनं केलेल्या काठीत टोकं आधीच खालीवर असतात. मग कारागीर मुद्दाम केंद्र सरकवून, ज्या बाजूचं टोक लांब आहे तिथून जास्त लाकूड काढून, ती सारखी करतो. नवीन केंद्र कुठे घ्यायचं याचा निर्णय एकदाच करता येतो. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.

एक थर काढला की काठी टांगून ठेवायची. उभी, टोकाला बांधून, भिंतीला न टेकवता. लाकडाचा वरचा थर गेला की आतला ताण सुटतो, आतली ओल हवेशी जुळवून घेऊ लागते, आणि काठी वळते. दोन-चार आठवड्यांनी ती पुन्हा लेथवर चढवायची, आलेला बाक काढायचा, पुन्हा टांगायची. विदर्भात हा धीर जास्तच लागतो. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. जुलैत तीच हवा पाण्यानं जड होते. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडवं मात्र फुगतं आणि आकसतं. उन्हाळ्यात घट्ट बसवलेली पितळी कडी पावसाळ्यात लाकूड चिरू शकते, आणि पावसाळ्यात बसवलेली उन्हाळ्यात सैल होते. एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिलेल्या लाकडावर शेवटचा हात फिरवणं, हाच इथला सुरक्षित हिशेब.

सांधा बसवताना काठी साधारण 29 इंचांवर कापतात, म्हणजे मूठ 29 आणि पुढचा भाग 29. बालाबुष्कांच्या क्यूमध्ये 5/16 इंच जाडीचा आणि इंचाला 14 आटे असलेला स्क्रू असे, भोवती स्टेनलेस स्टीलची कडी. आज 3/8 इंच जाडीचा, इंचाला 10 आट्यांचा जाड स्क्रूही लोकप्रिय आहे. त्यात लाकडाचा पृष्ठभाग लाकडाला थेट भिडतो. स्टीलच्या सांध्यानं फटका कडक लागतो आणि लाकडाला लाकूड भिडलं की मऊ, असं खेळाडू सांगतात. कोणता बरा यावर वाद कधी संपत नाही. निर्विवाद गोष्ट एवढीच की भोक अगदी मध्यात आणि सरळ हवं. साधा ड्रिल टणक आणि मऊ रेषांमधून जाताना मऊ बाजूला सरकतो. म्हणून आधी लहान भोक पाडून ते लेथवरच्या बोरिंगच्या हत्यारानं हळूहळू मोठं करतात. दोन तुकडे आवळल्यावर क्यू पुन्हा लोळवून पाहायची. इथे डुगडुगली तर दोष लाकडाचा नाही, भोक पाडणाऱ्याचा.

मुठीला पकड हवी म्हणून लिननचा दोरा गुंडाळायचा असेल तर आधी त्या जागी दोऱ्याच्या जाडीएवढी उथळ खाच कातावी लागते. नाही तर दोरा वर उठून राहतो. दोरा एकाला एक खेटून गुंडाळला की ओल्या हातानं दाबून, सपाट घासून घेतात. इंग्लिश क्यूला दोरा नसतो. तिथे पॉलिश केलेलं लाकूडच हातात येतं, आणि मुठीच्या एका बाजूला चपटा कापलेला भाग असतो. त्यावर कंपनीची किंवा एखाद्या नामांकित खेळाडूच्या नावाची बिल्ल्यासारखी पट्टी बसवलेली असते. ती उखडायची नाही. तो चपटा भाग आणि ती पट्टी हीच त्या क्यूची जन्मखूण, आणि तीच नाहीशी झाली तर जुनी क्यू घेण्यात अर्थ उरत नाही. टायटलिस्टच्या मुठीवरचं छापील नाव जपण्यासाठीही कारागीर जुनं पॉलिश तेवढ्या भागापुरतं राखून त्यावर नवा पारदर्शक थर चढवतात.

पुढचा नवा भाग मेपलचा. रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, मध्येच बाजूला न पळणाऱ्या हव्यात. पूलच्या क्यूचा पुढचा भाग टोकापासून दहा-बारा इंच जवळजवळ सारख्याच जाडीचा ठेवतात, म्हणजे बोटांच्या कडीतून तो अडखळल्याशिवाय सरकतो. टोकाला लाकडाचं कुसू करून त्यावर पांढरी टोपी बसते. तिला फेरूल म्हणतात. स्नूकरमध्ये ती पितळेची असते, पूलमध्ये कठीण प्लास्टिकची. त्यावर चामड्याची टिप. फ्रान्सच्या मिंगो नावाच्या कॅप्टननं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्यूला चामडं लावलं आणि चेंडूला फिरकी देण्याचं आजचं तंत्र शक्य झालं. टिपची गोलाई अमेरिकन नाण्यांच्या वळणावरून मोजतात. डाइम हे नाणं सुमारे 18 मिलिमीटरचं आणि निकल 21 मिलिमीटरचं. डाइमच्या वळणाची टिप जास्त गोल.

वजनाचं गणित शेवटी. पूलच्या बहुतेक क्यू 18 ते 21 औंसांच्या, म्हणजे साधारण 510 ते 595 ग्रॅमच्या असतात. नियमानुसार 25 औंसांपेक्षा जड, 40 इंचांपेक्षा आखूड किंवा 14 मिलिमीटरपेक्षा रुंद टिपची क्यू चालत नाही. काढून टाकलेल्या शिशाच्या जागी आता स्क्रूनं आतबाहेर करता येणारा बोल्ट बसतो. त्यामुळे तोल बुडापासून 18-19 इंचांवर आणता येतो आणि मालक बदलला तर भारही बदलता येतो.

लाकडं निवडताना कायद्याकडे पाहावं लागतं. जुन्या क्यूंमध्ये हस्तिदंताच्या कड्या आणि टोप्या असू शकतात. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या 1991 च्या दुरुस्तीनंतर भारतात हस्तिदंताचा व्यापार, आयात केलेल्याचासुद्धा, बंद आहे. अशी क्यू विकत घेताना किंवा विकताना हे आधी तपासलेलं बरं. शिसवाच्या कुळातली जवळजवळ सगळी झाडं 2 जानेवारी 2017 पासून साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यामुळे परदेशी व्यवहारात कागदपत्रं लागू शकतात. रानातली टेंभुर्णी किंवा शिसव स्वतःच तोडून आणणं हा गुन्हा आहे. पण मोडलेल्या जुन्या वाड्याच्या तुळईतलं, खांबातलं किंवा आजोबांच्या शिसवी पलंगाच्या पायातलं लाकूड या कामाला उत्तम. त्याची पावती आणि उगम सांगता आला म्हणजे झालं. एबनी आणि शिसवाची धूळ काहींच्या नाका-डोळ्यांना आणि कातडीला सोसत नाही. लेथपाशी मास्क हवाच.

एवढं करून हाती काय येतं? कारखान्यातली नवी चांगली क्यू याहून लवकर मिळते आणि बहुधा स्वस्तही पडते. क्यूची किंमत आणि तिच्यावरचा खेळ यांचा फारसा संबंधही नसतो. स्टीफन हेंड्री यांनी स्नूकरची सात विश्वविजेतेपदं ज्या क्यूनं जिंकली ती साधी, बाजारात चाळीस पौंडांची होती. 2003 मध्ये विमानप्रवासात ती मोडली तेव्हा त्यांना नव्या क्यूशी जुळवून घ्यायला फार जड गेलं. खेळाडू काठीशी जुळतो तो वापरानं. जुन्या क्यूचं रूपांतर करणाऱ्याला हे माहीत असावं. त्याला मिळते ती आजच्या कारखान्यात परवडत नाही अशा प्रतीची जोडणी आणि स्थिर झालेलं लाकूड. खेळ मात्र त्याचा त्यालाच सुधारावा लागतो.

म्हणून साधा नियम असा. क्लबच्या रॅकमधली, नावगाव नसलेली, सरळ मुठीची क्यू घरी आली तर ती कापायला हरकत नाही. टायटलिस्टसारख्या काठ्या वापरात येण्यासाठीच बनल्या होत्या. पण जिच्यावर जुन्या कंपनीची किंवा खेळाडूची पट्टी शाबूत आहे, लांबी मूळची आहे, आणि जी कोणत्या जिमखान्यातून आली हे सांगता येतं, ती कापू नका. ती आहे तशी जपली तर तिचं मोल जास्त. मुठीला बाक असेल किंवा जोड उघडला असेल तर करवत हाती घ्यायचीच नाही. त्या लाकडाची चाकूची मूठ करा, पेटीचा खटका करा, क्यू करू नका. आणि काम कोणाला द्यायचं हे ठरवताना त्याच्याकडे लेथ कोणता आहे हे विचारू नका. त्यानं केलेली एखादी जुनी क्यू मागा, ती टेबलावर लोळवून पाहा, आणि चारही टोकं एका उंचीवर आहेत का ते मोजा.